जुनी जेट बोट घेताना: एआर२४० की २४२ लिमिटेड एस, ओळखायचं कसं?

कमिंगकर
मंडळी, नमस्कार. राहतो अटलांटाच्या उत्तरेला, लेक लॅनियरपासून वीस मिनिटांवर. गेली सहा वर्षं दर उन्हाळ्यात भाड्याची पाँटून (तरंगत्या नळ्यांवरची सपाट बोट) घेऊन फिरतो आणि दर वेळी पैसे भरताना बायकोचा चेहरा बघतो. यंदा तीच म्हणाली, एकदाची स्वतःची घेऊन टाक. पोरं अकरा आणि आठ वर्षांची, दोघांना ट्यूबिंगचं, म्हणजे बोटीमागे हवेच्या ट्यूबवर बसून घसरायचं वेड. पायाशी प्रॉपेलर नको म्हणून जेट बोट, म्हणजे पंपाने पाणी मागे फेकत पळणारी, घ्यायचं ठरलंय. नवीन परवडत नाही.

आता मुद्दा. दोन जाहिराती पाहिल्यात. पहिली "२०१५ यामाहा २४२ लिमिटेड एस", ३८,५०० डॉलर. दुसरी "२०१५ यामाहा एआर२४०", ३१,००० डॉलर. फोटो शेजारी शेजारी ठेवून अर्धा तास बघितले. तोच आकार, तोच टॉवर, मागे तीच बसायची जागा. साडेसात हजारांचा फरक नक्की कशाचा? आणि पहिलीवाला खरं सांगतोय हे कळणार कसं?

तळ्याकाठची
कमिंगकर, स्वागत! आमची ही दुसरी यामाहा, त्यामुळे थोडं सांगू शकते.

आधी नावाची फोड करून घे. २४ म्हणजे चोवीस फूट. एसएक्स म्हणजे टॉवर नसलेली. एआर म्हणजे तीच बोट, वर वेकबोर्डचा टॉवर, म्हणजे मागे फळीवर घसरणाऱ्याची दोरी बांधायची कमान. लिमिटेड म्हणजे जास्त सजवलेली, आणि लिमिटेडपुढे एस लागला की सजवलेली अधिक टॉवर. एक्स म्हणजे लाटेवरच्या खेळांसाठी, पोटात बॅलास्टच्या, म्हणजे वजनासाठी पाणी भरायच्या टाक्या. आपल्याकडे स्विफ्टचं एलएक्सआय, व्हीएक्सआय, झेडएक्सआय असतं ना, तसंच हे.

म्हणून टॉवर बघून काहीच कळत नाही. एआरलाही आहे, लिमिटेड एसलाही आहे.

शंकासूर
स्विफ्टवरून आठवलं, पुण्यात आमच्या शेजाऱ्यांनी एलएक्सआय घेऊन मागे झेडएक्सआयचा बिल्ला चिकटवला होता. पाच वर्षं सोसायटीत कुणाला कळलं नाही. काच खाली करायला हात गोल फिरवताना दिसले तेव्हा फुटलं.

बाकी कमिंगकर, जेट बोट पेट्रोल पिते बरं का. साधी स्टर्नड्राइव्ह, प्रॉपेलरवाली, का नाही घेत?

कमिंगकर
@शंकासूर, पितेच, मान्य. पण आठ वर्षांचं पोर मागच्या फळीवरून पाण्यात उतरताना खाली पातं नाही, एवढ्यासाठी मी चार गॅलन जास्त जाळीन.

@तळ्याकाठची, ताई, मग २४० आणि २४२ मधला तो शेवटचा आकडा? इंजिन मोठं का?

पाना_बारा
नाही रे. चोवीस फुटीत दोन्हीला तीच इंजिनं: दोन, प्रत्येकी १८१२ सीसी, चार सिलिंडर, सुपरचार्जर (जास्त हवा कोंबून ताकद वाढवणारा पंखा) नाही. हल, म्हणजे बोटीचा सांगाडा, तोही तोच. शून्याच्या जागी दोन आलं की फक्त साज वाढतो.

पण हाच नियम एकोणीस फुटीला लावशील तर फसशील. तिथे एआर१९० ला साधं १.८ आणि एआर१९२ ला सुपरचार्ज्ड १.८. तिथे दोनाचा अर्थ पूर्ण वेगळा. कंपनीने आकडे ठेवताना आपल्यासारख्यांचा विचार केलेला नाही.

तीस वर्षं इंजिनात हात काळे केलेत, त्यातली शेवटची बारा पाण्यावरच्या. माझं ऐकशील तर ट्रिम, म्हणजे हा साजाचा दर्जा, नंतर बघ, आधी बोट कोणत्या वर्षाची आहे ते बघ. २०१५ हा मोठा वाक आहे. २०१० ते २०१४ चं चोवीस फुटी एक घराणं, २०१५ पासून दुसरं. नव्या घराण्यात तळाला मागे एक वळणारी कील आली, स्टिअरिंगबरोबर फिरणारी सुकाणूसारखी पात. त्याआधीच्या बोटी हळू चालवताना डुलत डुलत जायच्या, सरळ रेघ धरायला सतत चाक हलवावं लागायचं. लोक बाहेरून फिन विकत घेऊन बसवायचे. ट्रेलरवर बोट असताना मागे वाक, दोन जेटच्या मधे बघ आणि कुणालातरी चाक फिरवायला सांग. पात हलली तर २०१५ किंवा पुढची.

कमिंगकर
काका, धन्यवाद. शनिवारी पहिली बघायला जातोय.

तळ्याकाठची
जाण्याआधी एचआयएनचा फोटो मागव. हल आयडेंटिफिकेशन नंबर. बोटीच्या मागच्या बाजूला, उजवीकडे वरच्या कोपऱ्यात असतो. बारा अक्षरं. पहिली तीन कंपनीची, पुढची पाच क्रमांकाची. आपल्याला शेवटची चार हवीत. त्यातलं पहिलं अक्षर महिना, ए म्हणजे जानेवारी ते एल म्हणजे डिसेंबर. पुढचा एक आकडा बोट बनली त्या वर्षाचा शेवटचा. शेवटचे दोन म्हणजे मॉडेलचं वर्ष. १९८४ च्या ऑगस्टपासून अमेरिकेत हाच साचा आहे.

एचआयएनवरून वर्ष पक्कं कळतं. ट्रिम मात्र कळेलच असं नाही, तेवढं लक्षात ठेव.

कमिंगकर
मंडळी! मालकाने फोटो पाठवला. शेवटची चार अक्षरं: एल ३ १ ४.

म्हणजे डिसेंबर २०१३ मध्ये बनलेली, मॉडेल २०१४?? फोन केला. माणूस सरळ वाटला. म्हणाला, "मी २०१५ च्या मार्चमध्ये नवीन घेतली, नोंदणीच्या कार्डावरही २०१५ आहे." कार्डाचा फोटोही पाठवला, खरंच २०१५ लिहिलंय.

पाना_बारा
खोटं बोलत नसेल. विक्रेत्याकडे आदल्या वर्षीचा माल शिल्लक असतो, वसंतात सूट देऊन काढतात. कार्डावर कुणीतरी खरेदीचं वर्ष टाकलं. हलवर कोरलेलं तेच खरं. तुझ्या दृष्टीने ती जुन्या घराण्याची बोट झाली, वळणाऱ्या कीलशिवायची.

तळ्याकाठची
आणि कर्ज काढणार असशील तर बँकसुद्धा एचआयएन बघेल. जे. डी. पॉवरच्या किंमत यादीत वर्ष आणि मॉडेल वेगवेगळ्या ओळीत असतात. जाहिरातीत एक आणि हलवर एक असं निघालं की कर्ज अडकतं. आपल्या जॉर्जियात बोटीला टायटल, म्हणजे मालकीचा दाखला नसतो, डीएनआरची (राज्याच्या नैसर्गिक संसाधन खात्याची) नोंदणी आणि विक्रीची पावती एवढंच. त्यामुळे पावतीवर एचआयएन स्वतःच्या डोळ्यांनी हलवरून उतरवून घे, कार्डावरून नको.

कमिंगकर
पहिली सोडली. दोन आठवड्यांत तिसरी सापडली. "२०१५, २४२ लिमिटेड एस, भरपूर अपग्रेड, ३६,९००." आधीच शहाणा झालोय, एचआयएन मागवला: जी ४ १ ५. जुलै २०१४ ला बनलेली, मॉडेल २०१५. कीलही आहे, व्हिडिओ पाठवला त्याने. आता फक्त ट्रिमचा प्रश्न. फोटोंत मागे फेसाची राखाडी मॅट, टॉवरवर चार स्पीकर, आत निळे दिवे, डॅशबोर्डवर मोठा स्क्रीन.

तळ्याकाठची
मॅट, स्पीकर, दिवे यांवर अजिबात जाऊ नकोस. हे तिघं आमच्याकडे गॅरेजमध्ये एका रविवारी बसवलेत नवऱ्याने. मॅटच्या कडा बघ. कारखान्याची मॅट कपहोल्डरभोवती, क्लीटभोवती (दोर बांधायच्या खुंटीभोवती) साच्यासारखी बसते. घरी कापलेली असेल तर कोपऱ्यात कुठेतरी ब्लेड घसरलेलं दिसतंच.

स्क्रीन महत्त्वाचा. २०१५ ला यामाहाचा कनेक्स्ट नावाचा टचस्क्रीन २४२ लिमिटेड एस आणि २४२एक्स ई-सिरीजमध्ये आला. एआर२४० ला साधे गेज होते. फोटोतला स्क्रीन नीट मोठा करून बघ: त्यावर इंजिनाचे आरपीएम, इंधन, स्टिरिओ सगळं येतंय, की फक्त नकाशा?

कमिंगकर
...फक्त नकाशा आणि खोली. खाली गार्मिन लिहिलंय 😐

शंकासूर
झेडएक्सआयचा बिल्ला!

पाना_बारा
थांबा थांबा, लगेच फासावर चढवू नका. कनेक्स्ट बिघडला म्हणून कुणी काढून गार्मिन लावलाही असेल. प्रत्यक्ष जाऊन बघ. डॅशच्या मागची वायर बघ: कनेक्स्टची जागा मोकळी करून झाकण लावलंय, की मुळात साधे गेज जिथल्या तिथे आहेत आणि गार्मिन वर वेगळ्या खोबणीत ठोकलाय? दुसरं, मालकाकडे जुनी मॅन्युअलची पिशवी असेल तर त्यात बोटीचा प्रायमरी आयडी लिहायची जागा असते, तो मॉडेल कोड विक्रेत्याच्या पार्ट्स काउंटरवर सांग. फोनवर दोन मिनिटांत सांगतात.

आणि ट्रिमच्या नादात पंप विसरू नकोस. जेट बोटीचं काळीज पंप. इग्निशनची किल्ली आणि लॅन्यार्ड (ओढली की इंजिन बंद करणारी दोरी) काढून खिशात ठेव, मग खाली वाकून इनटेकच्या, म्हणजे पंप पाणी ओढतो त्या जाळीतून टॉर्च मार. इम्पेलरच्या, म्हणजे पंपात फिरणाऱ्या पात्याच्या कडा गोल झाल्यात का, एखादा दात तुटलाय का? इम्पेलर आणि बाहेरची कडी यांत फट अगदी बारीक हवी, अर्ध्या मिलिमीटरच्या फार पुढे गेली की पंप पाण्याऐवजी बुडबुडे ढकलतो. पाण्यावर नेलीस की एकदम थ्रॉटल दे. इंजिन ओरडतंय पण बोट हलत नाही, असं झालं तर तेच.

दोन इंजिनं म्हणजे तुला फुकटचा साक्षीदार मिळालाय. सपाट पाण्यावर दोन्ही थ्रॉटल पूर्ण. एकाचे आरपीएम दुसऱ्यापेक्षा बरेच वेगळे असतील तर विचार. दोन्ही इंजिनांचे चाललेले तास सारखे हवेत. एक १९० आणि दुसरं ८५ दाखवत असेल तर मधे काहीतरी बदललंय, ते काय हे मालकाने सांगायला हवं. विक्रेत्याकडे यामाहाचं डायग्नोस्टिक जोडलं की कोणत्या आरपीएमवर किती तास चालली तेही निघतं. सतत पूर्ण थ्रॉटलवर पळवली का, दिसतं.

मालवणचो_झील
दादानू, मी बोटीवालो नाय, जेट स्कीवालो. तारकर्लीत भावाबरोबर तीन मशिनी चालवतंय. पाना_बारा काका म्हणतात ता अगदी बरोबर. आमका सगळ्यात मोठो दुश्मन वाळू. किनाऱ्याला लागल्यावर गिऱ्हाईक उतरायच्या आधी जर थ्रॉटल दिला, की इम्पेलर वाळू खातो. एका सीझनात कडा घासून साफ. म्हणून विकणाऱ्याक एकच विचार: बोट किनाऱ्याक कशी लावतोस? "पुढं चढवून वाळूत" म्हणालो तर वायच दम धर, टॉर्च घेऊन खाली जा.

पाना_बारा
लाख बोललास! लॅनियरवरही छोटे वाळूचे किनारे आहेत, सगळे तिथे बोटी टेकवतात. आणि तिथे दोरीचे तुकडे, ट्यूबचे जुने नायलॉन. शाफ्टला गुंडाळलेलं असतं.

डलासवासी
मधेच घुसतो. माझं बजेट १५ हजार. २००८ ची सी-डू चॅलेंजर १८०, तीही जेट बोटच, दिसतेय. घेऊ का? मालक सांगतोय "सुपरचार्जवाली, २१५ हॉर्सपॉवर".

पाना_बारा
सी-डूच्या या जातीच्या बोटी २०१२ ला बंद झाल्या, पण त्यातलं रोटॅक्स कंपनीचं इंजिन त्यांच्या जेट स्कीमध्येही होतं म्हणून भाग मिळतात. झाकण उघड. २१५ असेल तर सुपरचार्जर आणि इंटरकूलर डोळ्यांना दिसतात, १५५ ला नसतात. दोन्ही एकाच नावाच्या बोटीत यायचे, बाहेरून सारखेच. सुपरचार्जर शेवटचा कधी उघडला, त्याची पावती माग. जुन्या सुपरचार्जरमध्ये सिरॅमिकचे वॉशर असायचे, ते फुटले की तुकडे इंजिनात जातात. पावती नसेल तर तो खर्च किमतीतून वजा कर. आणि चाव्या दोन आहेत का विचार. एक लर्निंग की असते, वेग मर्यादित ठेवणारी. मालक चुकून तीच देतात आणि लोक म्हणतात बोट पळत नाही.

कमिंगकर
तिसरी बघून आलो. सविस्तर लिहितो, कारण मजा आली.

मालक पन्नाशीचा, घर तळ्यालाच लागून. मी गेलो तेव्हा तो बोट नळाच्या पाण्यावर फ्लश करत होता. ताईंनी आधी व्यक्तिगत निरोपात सांगितलं होतं ते आठवलं: आधी इंजिन, मग पाणी. बंद करताना आधी पाणी, मग इंजिन. उलटं केलं तर नळाचं पाणी एक्झॉस्टमधून सिलिंडरपर्यंत जाऊ शकतं. याने बरोबर केलं. हात न थरथरता. मला तिथेच निम्मा विश्वास बसला.

डॅशबोर्डवर साधे गोल गेज जिथल्या तिथे. गार्मिन वरच्या बाजूला, त्याच्यामागे चार स्क्रूची भोकं आणि सिलिकोनचा पांढरा थर. म्हणजे कनेक्स्ट कधी नव्हताच. मॅटमध्ये कपहोल्डरशेजारी ब्लेड घसरलेलं, ताई, अगदी तुम्ही म्हणालात तसं.

मग बाजूने बघितलं. सहा वाजले होते, ऊन तिरपं आलेलं. "२४२ लिमिटेड एस" असं सुंदर चंदेरी स्टिकर. पण त्याच्या आसपासचा जेलकोट (हलवरचा चकचकीत थर) जरा फिका आणि स्टिकरच्या कडेबाहेर एक गडद रेघ. डोकं खाली करून, गाल हलला जवळजवळ लावून बघितलं तर चंदेरी अक्षरांखालून दुसरी अक्षरं डोकावत होती. ए चा एक पाय. आर चा गोल. आठ-नऊ वर्षं ऊन खाऊन बाकी रंग उतरला आणि जुन्या स्टिकरखालचा तसाच राहिला. एआर२४० ची सावली.

मी काहीच बोललो नाही. फक्त बोट ठेवलं तिथे. तो हसला, म्हणाला, "आधीच्या मालकाने लावलंय बहुतेक." बहुतेक!

शंकासूर
😂😂 "बहुतेक" हा शब्द जगभर एकच काम करतो वाटतं.

तळ्याकाठची
मस्त टिपलंस. पण आता प्रश्न असा आहे: बोट वाईट आहे का?

कमिंगकर
तेच सांगतोय. बोट उत्तम आहे! पाण्यावर नेली. दोन्ही इंजिनं एकाच सुरात. तास १७८ आणि १७८. इम्पेलरच्या कडा धारदार, जाळीत एक पान अडकलं होतं एवढंच. किनाऱ्याला लावायची पद्धत विचारली: दहा फुटांवर इंजिन बंद करून पोरं उड्या मारतात, दोरीने ओढतात. पंप तर आमच्या झीलनेही पास केला असता.

मागच्या फळीखालचे क्लीनआउट प्लग (पंपात अडकलेलं काढायच्या तोंडाची झाकणं) दोन्ही काढून परत बसवून दाखवले, टिक करून लॉक होईपर्यंत. नीट न बसवता निघालं तर वेगात उडतो म्हणे.

शंकासूर
मग सोड की. खोटं बोलणाऱ्याकडून बोट घेणार? पुन्हा विकताना तुझ्याही डोक्यावर बसेल.

पाना_बारा
सोडू नको. एआर२४० च्या भावात घे. हल तोच, इंजिनं तीच. ट्रिमसाठी जास्त पैसे फक्त त्याच गोष्टींचे द्यावेत ज्या नंतर तू बसवू शकत नाहीस: कारखान्याचा कनेक्स्ट, एक्सच्या बॅलास्टच्या टाक्या आणि त्यांचं पाइपिंग. बाकी मॅट, गाणी, दिवे तो फुकट देतोय समज. आणि पावतीवर "यामाहा एआर२४०, २०१५" असंच लिहून घे.

शंकासूरचा मुद्दा चूक नाही, विकताना मात्र तू खरं सांग.

तळ्याकाठची
घेतलीस तर अजून दोन गोष्टी. दोन्ही पोरांना बोट चालू असताना लाइफ जॅकेट कायम, जॉर्जियात तेरा वर्षांखालच्यांना सक्तीचं आहे. आणि तुझा जन्म १९९८ किंवा नंतरचा नसणार म्हणून तुला बोटिंगचा कोर्स सक्तीचा नाही, तरी कर. पहिल्याच दिवशी धक्क्याजवळ थ्रॉटल सोडलास आणि चाक फिरवत बसलास की कळेल. जेट ढकलत नसेल तर बोट वळत नाही. आमच्या धक्क्याच्या फळीवर अजून खूण आहे.

कमिंगकर
घेतली! २९,८००. त्याने ३३ म्हटलं, मी फोनवरचा सावलीचा फोटो परत काढून दाखवला. पावतीवर एआर२४०, एचआयएन मी स्वतः हलवरून उतरवला. ट्रेलर त्यातच.

ताई, कोर्स ऑनलाइन चालू केलाय. बायको माझ्या आधी पास झाली.

आता एकच अडचण. खोटा स्टिकर काढायला घेतला. हेअर ड्रायरने गरम करून "एस" आणि "२४२" निघाले, "लिमिटेड"चा अर्धा डिंक तसाच चिकटलाय. घासलं तर जेलकोटला चरे पडतील. काय लावू?

मालवणचो_झील
खोबरेल तेल. रात्रभर ठेव, सकाळी फडक्यान पुस. हसा नको, आमी मशिनीवरचे नंबर असेच काढतंव.